लोखंडी कोठीतील हिमालय

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी जेमतेम साठ मीटर उंच. तिच्या पायऱ्या चढून मुलांना लागते ती धाप श्रमाची, हिमालयातली निराळी. हा फरक समजावताना मी वर्गात पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो.

समुद्रकाठी काय, शिखरावर काय, हवेत प्राणवायूचा वाटा शेकडा २१च. परंतु वर हवेचा दाब घटतो आणि श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. हे सिद्ध करायला बेर पर्वतावर गेला नाही. १८७४ साली तो पॅरिसमध्येच एका लोखंडी कोठीत बसला आणि पंपाने आतली हवा विरळ करविली. थोड्याच वेळात नाडीचे ठोके तिनाने गुणणेही त्या पंडिताला जमेना! पिशवीतला प्राणवायू हुंगताच बुद्धी ठिकाणावर आली.

त्याच कोठीत क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे विमानविद्येचे वेडेही बसून गेले. १५ एप्रिल १८७५ रोजी ते तिसांदिएसह ‘झेनिथ’ बलूनमधून आठ हजार मीटरांच्याही वर गेले. नेलेला प्राणवायू अपुरा आहे, असे बेरने पत्राने कळविले होते. पत्र उशिरा पोचले. गरज भासेल तेव्हा घेऊ, म्हणून त्यांनी तो राखून ठेवला. गरज आली तेव्हा हात उचलेना. तिसांदिए तेवढा वाचला. त्याने लिहून ठेवले, की त्या वेळी यातना नव्हत्याच, उलट मन उल्हसित होते. वाचकहो, मरण हसत येते ते असे!

शरीराला सवड दिली तर मात्र ते शिकते. १९४६ साली अमेरिकेत पेन्साकोला येथे चार स्वयंसेवक महिनाभर अशाच कोठीत राहिले. दाब हळूहळू उतरवीत नेला, तेव्हा त्यांतले दोघे एव्हरेस्टइतक्या विरळ हवेतही काही मिनिटे तगले. विरळ हवेत मूत्रपिंडे इशारा देतात, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. म्हणूनच धावपटूंनी मुक्काम उंचावर आणि सराव खाली करावा, हा विचार १९९७ च्या अमेरिकन प्रयोगाने रूढ झाला. वर वेगाने पळता येत नाही ना!

बंगळूरला १९५७ साली स्थापन झालेल्या हवाईदलाच्या वैद्यकीय संस्थेत आपले वैमानिक अशा कोठीत बसतात. ते बळ कमवायला नव्हे, तर स्वतःची भूल ओळखायला. बोटे बधिर होतात की उगाच हसू येते, ज्याची त्याची खूण वेगळी. ती जमिनीवरच ओळखून ठेवली, की आकाशात हात वेळेवर नळीकडे जातो. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांनी प्राण देऊन शिकविलेला धडा तो हाच.