चार मीटर, एक बल्ब

साल 1952. लान नदीच्या काठचं वेट्झलार. जानेवारीत इथे पाचच्या आसपासच अंधारून येतं. तुम्ही एका जुन्या घराच्या बैठकीत उभे आहात. टेबलावर कॉफीची किटली आणि अर्धा संपलेला केक, पलीकडे खुर्चीत आजी, तिच्या मांडीवर चिमुरडी पणती. डोक्यावर एकच पिवळा दिवा. फिल्मला एवढा उजेड पुरणार नाही, हे तुम्ही आत येतानाच ओळखलंय.

गळ्यात लायका थ्री-एफ आहे. तो याच गावातल्या लाइट्झच्या कारखान्यात घडला. 1950 साली आलेल्या या मॉडेलच्या पाठीवर फ्लॅशची वायर खोचायची एक बारीक खोबण आहे, आणि वर वेगाच्या चकतीखाली आणखी एक चकती, 0 ते 20 आकडे कोरलेली. आधीच्या लायकात यातलं काहीच नव्हतं. शटर सुटताना वेगाची चकती स्वतःभोवती फिरते. त्या फिरण्यावरच बल्बची वीज जोडणारं साधन कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवायचं, अशी तेव्हाची सोय होती. आता ते काम कॅमेऱ्याच्या पोटात गेलंय.

फ्लॅशगन वरच्या खाचेत सरकवा. तिच्यात 22.5 व्होल्टची इवलीशी बॅटरी आहे. ती कपॅसिटरमध्ये वीज भरून ठेवते. वायर पाठीमागे खोचा. खिशातून बल्ब काढा. काचेच्या आत धातूच्या केसासारख्या तारांचा गुंता आणि प्राणवायू. तो एकदाच जळणार आहे. खिशात असे दोनच आहेत.

वीज पोचली की बल्ब लगेच पूर्ण तेजाने फुलत नाही. त्याला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. इकडे शटरचे दोन कापडी पडदे. पहिला सरकून वाट मोकळी करतो, दुसरा मागून येऊन ती बंद करतो. वेग जास्त असेल तर दुसरा पहिल्याच्या पाठोपाठच निघतो आणि दोघांमध्ये फक्त एक फट धावते. तेवढ्यात फ्लॅश उजळला तर फोटोत एक पट्टा उजळ, बाकी काळोख. 24 गुणिले 36 मिलिमीटरची चौकट एकाच क्षणी पुरती उघडी हवी, तर या कॅमेऱ्यात 1/30 किंवा त्याहून मंद वेग. शिवाय चौकट उघडण्याआधीच बल्बने पेट घेतलेला हवा. किती आधी, ते खालची चकती ठरवते. सोबतच्या तक्त्यात तुमचा बल्ब आणि वेग शोधा, समोरचा आकडा लावा.

आधी फिल्म पुढे घ्या, मगच वेग लावा. क्रम चुकवू नका. शटर दाबताना बोट चकतीला लागता कामा नये. ती अडली तर पडद्याची चालही अडते.

आता डावीकडची, रेंजफाइंडरची खिडकी डोळ्याला लावा. आजीचे दोन चेहरे दिसतात, एकमेकांपासून किंचित सुटलेले. लेन्सचा खटका हळूहळू सरकवा. चेहरे जवळ येतात, एकमेकांत मिसळतात. लेन्सवर वाचा: 4 मीटर.

हेच अंतर तुम्हाला दुसऱ्यांदा कामाला येणार आहे. बल्बचा उजेड सारखा नसतो. अंतर दुप्पट झालं की तो चौथाई उरतो. समजा तुमच्या बल्बसाठी आणि फिल्मसाठी मार्गदर्शक आकडा 32 आहे; त्याला अंतराने भागलं की लेन्सच्या छिद्राचा आकडा मिळतो. 32 भागिले 4, म्हणजे 8. एल्मार लेन्सच्या तोंडाशी असलेला छिद्राचा खटका 8 वर न्या. दोन मीटरवर गेलात तर 16. रेंजफाइंडर चेहरा जुळवतो आणि त्याच मापाने उजेडाचा हिशेबही देतो. म्हणून रेंजफाइंडर आणि फ्लॅशच्या या जोडीवर माझा जीव आहे. लायकावाल्याला फ्लॅश वापरायचा तर माणसापासूनचं आपलं अंतर नेमकं ठाऊक असावं लागतं.

चौकट दाखवणाऱ्या उजवीकडच्या खिडकीत या. थांबा. पणती केककडे हात नेतेय, आजी तिचं मनगट धरायला वाकतेय. अजून थोडं थांबा. बल्ब एकदाच पेटणार.

दाबा.

खोली पांढरीशुभ्र होते. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा नाही, त्यामुळे खिडकी क्षणभरही झाकली जात नाही. फिल्मवर जो क्षण उमटतोय तो तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघताय: आजीच्या गालावरची प्रत्येक सुरकुती, पणतीच्या बोटावरची साखर, दोघींचे डोळे उघडे.

खोली पुन्हा पिवळी होते. बल्बच्या काचेला बारीक तडे गेलेत, हात लावाल तर चटका बसेल. फिल्म धुऊन निघायला अजून दिवस लागतील. तरी तुम्ही दुसरा बल्ब खिशातच ठेवता. फोटो आलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तो पाहिलाय.