महागडे चाक परवडते का? वाशीच्या मुलखातील बैलगाडीचा हिशेब

१/९
मोटारीची मूळची पोलादी चाके काढून महागडी अलॉय चाके बसवावीत का, यावर आज तरुणांत वाद रंगतो. बालाघाटावरील वाशीच्या मुलखात हाच प्रश्न बैलगाडीच्या चाकापुढे दोनदा उभा राहिला. तेथे तो हौसेचा नव्हता. बैलाच्या खांद्याचा आणि घरातल्या ज्वारीचा होता.

२/९
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये गाड्या मोजक्याच होत्या आणि त्याही अवजड. चाके जाड व भरीव असल्याने एका गाडीस अनेक बैल जुंपावे लागत. म्हणून दूरचा व्यापार लमाणांच्या तांड्यांवर चाले. एका बैलाच्या पाठीवर मात्र साधारण शंभर किलोच माल मावे.

३/९
१८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. वाशी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, टेंभुर्णी कंपनी सरकारच्या. गेसफोर्डपुढील खरी अडचण चांगली गाडी बनवण्याची नव्हती, ती शेतकऱ्याला झेपेल अशा किमतीत बनवण्याची होती. ते साधले, तेव्हाच गाडी गावोगावी पसरू लागली.

४/९
आऱ्यांच्या चाकाची रचना पाहण्याजोगी आहे. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, त्यांवर पुठ्यांचे वर्तुळ आणि बाहेरून लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवत व लगेच पाणी ओतत. लोखंड आकसे आणि सारे लाकूड एकजीव आवळले जाई. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली होई. मग चाक पाण्यात भिजत ठेवत.

५/९
या चाकाची देखभाल गावातच होई. सुतार आणि लोहार बलुतेदार. वर्षभराच्या डागडुजीचा मोबदला सुगीला धान्यात चुकता होई. लाकूड बहुधा बांधावरच्या बाभळीचे. रोख पैसा क्वचितच हाती येणाऱ्या कुणब्याला हे चाक परवडण्याचे हे मोठे कारण होते.

६/९
१८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. रेल्वेने बैलगाडी संपली नाही. शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्टेशनापर्यंत गाडीच लागे.

७/९
विसाव्या शतकात हवेच्या टायरचे चाक आले आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. अरुंद लोखंडी धाव काळ्या मातीत रुतते, पक्का रस्ता उखडते आणि प्रत्येक धक्का जुवावाटे बैलाच्या मानेवर पोहोचवते. रुंद टायर भार पसरवतो. बेअरिंगमुळे आसावरचे घर्षण घटते. तीच जोडी बरेच अधिक ओझे ओढते. परंतु टायरला रोख रक्कम लागते, आणि ज्या बाभळीने जुने चाक दिले तिचाच काटा नव्या चाकाला पंक्चर करतो. ती दुरुस्ती बलुत्यात बसत नाही.

८/९
बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७९ च्या अहवालात बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा आग्रह धरला. तरीही लहान शेतकरी लाकडी चाकालाच धरून राहिला. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा खर्च भरून निघत नाही. साखर कारखान्यांचे गणित निराळे होते: हंगामभर रोज फेऱ्या, जड ऊस, पक्का रस्ता. तेथे टायरगाडी फायद्याची ठरली. ऊसतोडीत ‘गाडी सेंटर’वर मजुराची स्वतःची गाडी असते, ‘टायर सेंटर’वर गाडी कारखान्याची, बैल मजुराचे. वाशी, भूम, कळंब भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांना हा भेद पुरता ठाऊक आहे.

९/९
तेव्हा महागडे चाक परवडते का? इतिहासाचे उत्तर असे: ओझे किती, फेऱ्या किती, वाट कशी आणि मोडल्यावर दुरुस्त कोण करणार, यावर ते ठरते. शिवाय एक प्रश्न उरतोच. चाकाचे पैसे कोण भरतो आणि वाढलेल्या ओझ्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो? टायरने बैलाचे कष्ट हलके करता आले असते. पुष्कळदा त्याऐवजी गाडीवर ऊसच अधिक चढला.