उत्तर दिल्याचा दंड

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्याकडून खरवसाची नाही तर सांडग्यांची कृती येणार असेच बहुतेकींनी धरले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव म्हणजे वाण्याची यादी आणि दोन वर्षे लिहिलेले मंडळाचे इतिवृत्त. पण या खेपेस मी थोडा इतिहास लिहिणार आहे. तो मलाच का लिहावासा वाटला, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी महिलादिनाला आपण एका डॉक्टरीणबाईंना व्याख्यानाला बोलावले होते, हे आपल्याला आठवत असेल. समोरासमोर विचारायला बायका लाजतात म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला चीर पाडून त्याची प्रश्नपेटी केली होती. चिठ्ठ्या उघडून बाईंच्या हाती देण्याचे काम माझ्याकडे होते. बावीस चिठ्ठ्या निघाल्या. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची पाळी जायला आली होती, कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते. एका चिठ्ठीत एका आईने लिहिले होते की, माझा मुलगा मिळवता आहे, लग्नाला नको म्हणतो, आणि परवा त्याने सांगितले की त्याचा जीव मुलीवर नाही, एका मित्रावर आहे. मी हे कुणाला विचारू?

मी ती चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिले आणि घडी करून ब्लाउजात ठेवून दिली. बाईंच्या हाती एकवीसच चिठ्ठ्या गेल्या. तसे कर असे मला कुणीही सांगितले नव्हते. चारचौघींत हे मोठ्याने कसे वाचायचे, एवढेच त्या घटकेला मनात आले. (अक्षर कुणाचे ते मी ओळखलेले नाही आणि ओळखायचा प्रयत्नही केला नाही. मजकूरही इथे मी थोडा बदलून दिला आहे.)

माझी थोरली मुलगी वकिलीचे शिकते. तिला रात्री ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "आई, असल्याच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून एका माणसाला कोर्टाने दंड केला होता. तू निदान दंड तरी वाचवलास." तिच्या बोलण्यातला टोमणा मला कळला. मग पुढचे चार दिवस तिने मला ती सगळी हकीकत वाचून दाखवली.

ते गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे नाव आपल्या प्रत्येक मंडळात घेतले जाते, त्यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे त्या कामापायी नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. पत्नी मालतीबाईंनी ओढग्रस्तीत साथ दिली. त्या माउलीविषयी स्वतंत्र लिहायला हवे, पण ते पुन्हा कधीतरी.

या मासिकात वाचक आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. १९३१ साली एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड झाला होता. १९३४ साली दुसरा खटला झाला, तो या प्रश्नोत्तरांवरून. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्न होते. त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

हे ऐकून मी हातातली भाजी खाली ठेवली. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३२ साली पुणे करार, एवढे सगळे अंगावर असताना बाबासाहेबांनी ज्याला कुणी जवळ उभे करीना अशा माणसाची बाजू घेतली. त्यांनी कोर्टाला सांगितले की, लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील ठरत नाही. न्यायमूर्तींचे म्हणणे पडले की, असले विकृत प्रश्न छापावेतच कशाला? त्यावर बाबासाहेबांचा मुद्दा असा की, ती विकृती मानली तरी ज्ञानाशिवाय ती जाणार कशी? मग विचारणाऱ्याला उत्तर द्यायलाच हवे. परदेशी संशोधकांचे दाखले देऊन त्यांनी असेही मांडले की, काही माणसांची घडणच तशी असते आणि त्यात गैर काही नाही. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. नव्वदाहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि मी मात्र श्रीखंडाच्या डब्यातली चिठ्ठी लपवत होते!

मग मला प्रश्न पडला की ही लाज आली कुठून? आपण म्हणतो, हे आपल्यात नव्हतेच, पाश्चात्यांकडून आले. मुलीने पुस्तके आणून दिली त्यांत मला उलटेच दिसले. बाहेरून आला तो कायदा. इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली आणि १८६२ पासून ती लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली होती. गंमत पाहा, खुद्द इंग्लंडने आपल्याकडचा असा कायदा १९६७ साली सैल केला, आपल्याकडे मात्र इंग्रज गेल्यावरही तो एकाहत्तर वर्षे टिकला.

तृतीयपंथीयांची हकीकत आणखी मन विषण्ण करणारी आहे. मराठी राज्यात दख्खनमधल्या काही हिजड्यांना गावागावांतून दान मागण्याचा हक्क सनदेने मिळालेला होता. काहींना जमिनीचे तुकडेही होते. फार मोठा मान होता असे मी म्हणत नाही. पण पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणे त्यांचाही एक ठरलेला हक्क होता आणि तो सरकारदरबारी लिहिलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हा हक्क मानायचे बंद केले. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा एक भाग उत्तरेकडच्या प्रांतांतल्या हिजड्यांसाठी होता. पोलिसांच्या वहीत त्यांची नोंद व्हायची. नोंद झालेल्याने बायकी पोशाख करून रस्त्यावर दिसायचे नाही, नाचगाणे करायचे नाही; केले तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायचे नाही, मूल दत्तक घ्यायचे नाही. ज्याला नाचायला बंदी, वारस नेमायला बंदी, दारोदार मागण्याचाही हक्क गेलेला, त्याने पोट कसे भरावे याचा विचार त्या कायद्यात नव्हता. आज बाजारात टाळी ऐकली की आपण पदर सावरून दुकानात शिरतो, त्या टाळीमागे एवढे सगळे आहे हे मला या वयात कळले.

आणि आपण तरी किती दुटप्पी! आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच सीतास्वयंवर उभे केले, त्यातली सीतासुद्धा पुरुषच. पुढे बालगंधर्वांनी भामिनी, सिंधू अशा भूमिका केल्या, तेव्हा घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. माझी आजेसासू त्यांचे नाव निघाले की डोळे मिटून घ्यायची. रंगमंचावर पुरुषाने लुगडे नेसले तर आपण आरती ओवाळणार, आणि त्याच गावात कुणाची चाल जरा नाजूक असली तर पोरे मागून शीळ घालणार. २०१० साली 'नटरंग' आला तेव्हा आम्ही दहाबाराजणी मिळून पाहायला गेलो होतो. नाच्याचे सोंग घेणाऱ्या त्या पैलवानाच्या वाट्याला आलेली विटंबना पाहून सगळ्यांचे पदर ओले झाले. परत येताना स्टँडवर एक बांगड्या घातलेला मुलगा उभा होता. त्याला पाहून आम्ही काय केले असेल? हसलो. मीही हसले.

त्या हसण्याचा मला तेव्हाच विसर पडला असता, पण माझ्या माहेरची एक गोष्ट आहे. ती आजवर मी घरातही कुणाला सांगितली नव्हती.

माझा एक मामेभाऊ. नाव छापत नाही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कृष्णाकाठी मामांचे गाव आहे, तिथे सुट्टीत आम्ही एकत्र वाढलो. रांगोळी माझ्यापेक्षा त्याची सुबक यायची. २००३ च्या उन्हाळ्यात मी थोरलीला घेऊन मामांकडे गेले होते. संध्याकाळी ओट्यावर दोघेच बसलो असताना तो हळूच म्हणाला, "ताई, मला परवा मुलगी दाखवायला नेणार आहेत. मला बाईमाणसाविषयी तसले काही वाटतच नाही गं. कधीच वाटले नाही. मी काय करू?"

मी म्हटले, "थांब, दूध उतू जाईल," आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हतेच. बराच वेळ मी तशीच आत उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तो उठून गेला होता.

लग्न थाटात झाले. वर्ष भरायच्या आत मुलगी माहेरी परत गेली. गावाने तिच्यातच खोड काढली, ती फटकळ आहे, तिला संसार करायचा नव्हता असे म्हटले. तिने तोंडातून अवाक्षर काढले नाही. मामांनी आणि मामींनीही नाही. मीही नाही, आणि मला तर खरे काय ते लग्नाआधी माहीत होते. पुढे मामेभाऊ मुंबईला गेला, तो गेलाच. मामींच्या दहाव्यालासुद्धा आला नाही. भगिनींनो, ती मुलगी कुणाची तरी लेक होती. आपल्या मंडळात हुंड्यावर बोलणे झाले, दारूवर झाले, पण असे फसवून लावलेले लग्न ज्या बाईच्या गळ्यात पडते तिच्याविषयी कधी बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. मुलाचे लग्न लावून दिले की तो सुधारेल, असे म्हणताना दुसऱ्याच्या लेकीचे आपण औषध करतो.

आता चिठ्ठीकडे येते. ज्या आईने ती लिहिली तिला त्या दिवशी मिळायला हवे होते ते उत्तर मी वर्षभर उशिरा देत आहे. मी डॉक्टर नाही. मुलीकडून आणि पुस्तकांतून नीट विचारून घेतले तेवढेच लिहिते.

तुमचा मुलगा गुन्हेगार नाही. दिल्लीच्या हायकोर्टाने २००९ साली तसे म्हटले होते, सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ते फिरवले, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाच्याच पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला असा संबंध गुन्हा नाही. तो आजारीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली हे आपल्या आजारांच्या यादीतून काढून टाकले. तेव्हा कुणी औषधाने, अंगाऱ्याने किंवा विजेच्या झटक्याने बरे करतो म्हणाला तर त्याच्याकडे नेऊ नका. असे उपचार करणे हा डॉक्टरच्या धंद्यातला गैरवर्तनाचा प्रकार आहे असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली कळवलेले आहे. मित्राशी लग्न लावता येईल का, असे तुमच्या मनात आले असेल तर त्याला सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्यता दिली नाही, ते संसदेवर सोपवले. तृतीयपंथीयांना मात्र २०१४ च्या निकालाने स्वतःची ओळख कागदोपत्री लावण्याचा हक्क मिळाला, आणि त्याच्या तीनच वर्षांनी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात, तरंगफळ गावी, लोकांनी एका तृतीयपंथीयाला सरपंच म्हणून निवडून दिले. खेडेगावातल्या माणसांनी, बरे का.

तुम्ही कुणाला विचारू असे लिहिले आहे. मुलाने आधी तुम्हालाच सांगितले, माझ्या मामेभावाने मला सांगितले होते तसे. तुम्ही दुधाच्या निमित्ताने आत गेलेल्या नाहीत. चिठ्ठी तर लिहिलीत.

मुंबईचा नंबर मी गेल्या दिवाळीत मामांकडून मिळवला. मामा आता थकले आहेत, नंबर त्यांच्याकडे आधीपासूनच होता हे मला नवीन होते. फोन केला. पलीकडून "कोण?" म्हणून विचारले तेव्हा आवाज ओळखू आला नाही, वीस वर्षांत जाड झाला होता. मी माझे नाव सांगितले आणि म्हटले, "तू विचारले होतेस ना, मी काय करू म्हणून?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, दूध उतू गेले का गं?" म्हणजे चुलीवर काही नव्हते हे त्यालाही तेव्हाच कळले होते. आम्ही दोघेही हसलो आणि मग मला पुढे बोलता येईना. भाऊबीजेला ये म्हटले, तर म्हणाला, या वर्षी नको, बघू. त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्याच्या सोबत्यालाही ये म्हणून सांगितले आहे. आमच्या यजमानांना ते अजून पुरते पसंत नाही, पण पाहुण्यांसाठी वरची खोली झाडून ठेवू का, असे त्यांनीच परवा विचारले.

ती बाविसावी चिठ्ठी माझ्या देवघरातल्या डबीत आहे. जिची असेल तिने घेऊन जावी. माझे घर पिठाच्या गिरणीमागे, दुपारी तीननंतर मी एकटीच असते.