मुंब्रा : आसरा घेतलेल्या वस्तीचा इतिहास

'राहायला कुठे?' हा मुंबईत पहिल्याच ओळखीत विचारला जाणारा प्रश्न. आम्ही 'मुंब्रा' म्हणतो आणि समोरचा क्षणभर थांबतो. मग 'अच्छा, अच्छा' म्हणत विषय बदलतो. नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर, लग्नाच्या बोलणीत हे थांबणे आता आमच्या ओळखीचे झाले आहे. त्या एका क्षणात पुष्कळ इतिहास साठलेला आहे. तो आपणच, आपल्या भाषेत मांडला पाहिजे. कारण आपल्या वस्त्यांवर बातम्या पुष्कळ आल्या, इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही.

आपल्यावर होणारा नेहमीचा आरोप असा की मुसलमान वेगळा राहतो, आपला मोहल्ला करून राहतो. हा आरोप तपासायचा तर मुंबईचे उपनगर मुळात कसे वसले, तिथपासून सुरुवात करावी लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे त्याच्या योजनेतून दादर-माटुंगा उभे राहिले. तिथे हिंदू कॉलनी झाली, पारशी कॉलनी झाली. माटुंग्यात तमिळ कुटुंबे एकमेकांच्या आधाराने स्थिरावली. गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ ची. म्हणजे मुंबईतला नवा मध्यमवर्ग चाळ सोडून फ्लॅटमध्ये गेला तो आपल्या जातीला, आपल्या धर्माला धरूनच गेला. अगदी २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही समाजापुरते सभासदत्व ठेवण्याची अट वैध मानली. मग दुसऱ्याने केली ती 'कॉलनी' आणि आपण केली ती 'वेगळी वस्ती', असे का व्हावे?

पण एवढे म्हणून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या कॉलन्या निवडीतून झाल्या. मुंब्र्याचा मोठा भाग निवडीतून झालेला नाही.

मुंब्रा-कौसा ही मूळची जुनी गावे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मुंब्रादेवीचा डोंगर. इथला जुना रहिवासी कोकणी मुसलमान; भातशेती, खाडी आणि जहाजावरची नोकरी यांवर जगणारा, घरात कोकणी बोली बोलणारा. सोबतीला आगरी-कोळ्यांची गावे. १८५४ साली ठाण्याहून कल्याणकडे रेल्वे गेली ती याच डोंगराला वळसा घालून. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला, जलद गाड्या बोगद्यातून जाऊ लागल्या आणि मुंब्र्याच्या वाट्याला धिम्या गाड्या उरल्या. १९७० च्या दशकात वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी मोटारही इथूनच जात असे. म्हणजे हे गाव वाटेवरचे होते. लोक इथून जात, थांबत मात्र थोडेच.

लोक थांबू लागले ते मुंबईतल्या घरांच्या कोंडीमुळे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि पागडीची पद्धत बळावली. डोंगरी, मदनपुरा, नागपाडा इथल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या झोपत. मुलाचे लग्न ठरले की पहिला प्रश्न खोलीचा. पागडी देण्याची ऐपत नव्हती आणि मुंब्र्यात घर आवाक्यात होते. १९८२ चा गिरणी संप फसला, शहरातली कामे तुटली. त्याच वर्षी ठाणे महानगरपालिका झाली. १९८४ साली भिवंडी, कल्याण, ठाणे, मुंबई दंगलीत होरपळली तेव्हा आणखी काही कुटुंबे आली. हे मुद्दाम नोंदवायचे, कारण सगळे मुंब्रा दंगलीने वसवले असे म्हणणे सोपे असले तरी ते पूर्ण खरे नाही. गरिबी आधी आली, भीती मागाहून आली.

आणि ती भीती आली डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली सादर केलेल्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू होते. पण आयोगाच्या आकड्यात न मावणारे एक नुकसान आहे. मिश्र वस्तीतली, वर्षानुवर्षांच्या शेजाराची घरे आपण येईल त्या भावाला विकली. खरेदी करणारा कधी कधी तोच शेजारी असे, ज्याच्याकडे ईदचा शीरखुर्मा जात असे. त्याने आपल्याला वाचवलेही होते आणि 'आता तुम्ही आपल्या लोकांतच राहिलेले बरे' असेही तोच म्हणाला होता. त्या वाक्यातली काळजी खरी होती आणि त्याचा अर्थही खरा होता. टेम्पोत कपाट, पिंप, शिलाई मशीन आणि म्हाताऱ्या दादीला बसवून आपण खाडी ओलांडली.

अवघ्या तीन वर्षांपूर्वी, १९९० मध्ये, सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. आपण या मातीचे, या भाषेचे आहोत, असे आपण तिथे ठणकावून सांगितले होते. ते सांगणे खोटे नव्हते. पण घर शोधायला निघालेल्या माणसाला त्याची मराठी कोणी विचारत नाही, नाव विचारतात. नाव ऐकले की 'मालकांना विचारून सांगतो' असे उत्तर येते, आणि मालकांचे उत्तर कधीच येत नाही.

अमृतनगर, रशीद कंपाउंड, कौसा, शिमला पार्क असे करत इमारती शीळ फाट्याच्या दिशेने सरकत गेल्या. या घरांत राहणे कसे होते? पाचव्या मजल्यावर घर आणि लिफ्ट नाही. पाणी येईल तेव्हा घरातले एक माणूस जागे. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रभर भारनियमन होते; मुले मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास करत. कर्जासाठी बँकेत गेलो की पत्ता वाचून अर्ज बाजूला ठेवला जाई. घराचे कागद म्हणजे बिल्डरची पावती आणि अल्लाहवरचा भरोसा.

तरीही एक गोष्ट बाहेरच्या टीकाकाराला कळत नाही. त्या पहिल्या वर्षांत आपण इथे शांत झोपलो. रात्री दार वाजले तर अब्बा दचकून उठत नसत. रमजानमध्ये सेहरीच्या वेळी गल्ली जागी असे. मुलगी क्लासवरून रात्री नऊला एकटी घरी येई आणि अम्मी निर्धास्त असे. डब्यात काय आहे, हे कोणी वाकून पाहत नसे. ज्याने भीती भोगली नाही त्याला या शांततेची किंमत कळणार नाही.

पण या शांततेची किंमतही आपणच मोजली. २००६ साली सच्चर समितीने नोंदवले की सुरक्षिततेसाठी मुसलमान एकत्र वस्त्यांत जातात आणि मग त्या वस्त्याच नागरी सोयींपासून वंचित राहतात. कागदावरचे हे निरीक्षण ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी आपल्या डोळ्यांसमोर कोसळले. शीळ फाट्याजवळची, काही महिन्यांत चढवलेली अनधिकृत इमारत पडली आणि ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती. हिंदू होते, मुसलमान होते. बांधणारे आणि डोळेझाक करणारे कोण, याची चर्चा झालीच पाहिजे. पण स्वस्त घराचा सौदा करताना आपणही स्लॅबकडे पाहिले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरे नुकसान आवाज न करता झाले. आमच्या दादीची बोली कोकणी, आमची शाळा मराठी. आमची मुले घरात हिंदी-उर्दू मिश्रित बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि मराठीच्या पेपरापुरते मराठी पाठ करतात. त्यांचा दोष नाही. ज्या गल्लीत मराठी बोलणारा शेजारी नाही, मराठी खेळगडी नाही, तिथे भाषा कुठून यावी? आपण घर वाचवले आणि भाषा मागे राहिली. ज्यांनी आपल्याला वस्तीबाहेर जागा नाकारली तेच आज विचारतात की तुमच्या मुलांना मराठी का येत नाही.

वस्ती मात्र थांबलेली नाही. २०१२ साली सुरू झालेल्या 'परचम' या संस्थेने मुंब्र्यातल्या मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले. हिजाब घातलेली, न घातलेली, मुसलमान, हिंदू अशा मुली एकत्र खेळल्या. या मुलींना भीतीने इथे आणले नव्हते. त्या इथेच जन्मल्या. त्यांच्यासाठी मुंब्रा हा आसरा नाही, गाव आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडले, काहींचे प्राण गेले. त्या दारात लटकलेल्यांची गर्दी दिव्याची, डोंबिवलीची, कल्याणची, आमची, सगळ्यांची होती. गाडीच्या दारात उपनगर एकच असते. घरी परतले की ते पुन्हा वेगवेगळे होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. मुंब्र्यात राहण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या गावाने आपल्याला जागा दिली त्याचे उपकार फिटणारे नाहीत. पण आसऱ्याच्या भिंतींना आपण मुलांची सीमा करू नये. त्यांना पाणी, कागद, मैदान आणि मजबूत स्लॅब मागायला शिकवू, तसेच खाडीपलीकडच्या कुठल्याही सोसायटीत घर मागायलाही शिकवू. आणि हे मागणे त्यांनी मराठीत मागावे, यासाठी रोज रात्री अर्धा तास घरात मराठी पुस्तक उघडू. 'राहायला कुठे?' या प्रश्नावर पुढच्या पिढीने 'मुंब्रा' म्हणावे आणि समोरच्याने न थांबता विचारावे, 'अरे वा, मुंब्र्यात कुठे?'