कमोडखालच्या जोडाचा इतिहास

विषय जरा घाण आहे. जेवण उरकून मग वाचा. पण वाचा.

हल्ली जळगाव-धुळ्यात पंधरा-वीस वर्षं जुन्या घरांत एक तक्रार सारखी ऐकू येते. कमोड हलतं, बुडाशी ओल दिसते, फिनाईल कितीही ओता, वास काही जात नाही. फरशी उचकटून पाहिली की खालचा जोड फुटलेला निघतो. कमोडचं तोंड आणि जमिनीतला पाईप जिथे भेटतात, तो हा जोड. परदेशी व्हिडिओत त्याला फ्लॅन्ज म्हणतात. तिकडे जमिनीत एक कडं पक्कं बसवतात, त्यावर मेणाची रिंग, त्यावर कमोड. आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच पद्धत चालली: तोंडाला तोंड लावा, भोवती पांढरं सिमेंट थापा, झालं.

ते सिमेंट फुटतं का, तर त्याचं मोठं कारण आपल्या पायाखाली आहे. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ज्या मातीवर आपला कापूस आणि केळी उभी आहे, तीच घराच्या फरशीला दरवर्षी इंचभर नाही तर सुतभर तरी हलवते. सिमेंट हलत नाही, चिनी मातीचं भांडंही हलत नाही. मग तडा जातो. त्यामुळे आता रबराचा कनेक्टर मिळतो तो वापरावा. तो थोडा दबतो, थोडा सरकतो आणि टिकतो.

इथवर प्लंबिंग झालं. खरी गोष्ट पुढे आहे. हा जोड बदलायला माणूस बोलवा आणि काय होतं ते बघा. नळ बसवायला, टाकी बसवायला, गिझर लावायला सगळे येतात. कमोड उचलायचं म्हटलं की अर्धे जण म्हणतात, "भाऊ, आधी त्या लोकांना बोलवून साफ करून घ्या, मग मी येतो." ते लोक कोण, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. दोघांनाही माहीत असतं. शंभर वर्षांचा इतिहास या एका वाक्यात बसलेला आहे. म्हणून ही पोस्ट.

जुन्या शहरांत संडास म्हणजे पाटीचा संडास. वर दोन विटा, खाली पाटी किंवा डबा, आणि मागच्या बोळात उघडणारं छोटं दार. घरातला माणूस पुढून जाणार, पाटी उचलणारी बाई मागून येणार. दोघांची गाठ पडू नये अशीच रचना. धुळ्याची नवी पेठ कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखून घेतली. तिचे सरळ रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या यांचं आपण आजही कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पुढे १८६२ मध्ये धुळ्याला आणि १८६४ मध्ये जळगावला नगरपालिका आली. नगरपालिका म्हणजे दिवे, रस्ते आणि सफाई. पण ही सफाई यंत्राने नव्हती, माणसाच्या डोक्यावरून होती. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांनी या कामासाठी मेहतर, रुखी, वाल्मीकी समाजाची कुटुंबं लावली. त्यांतली कितीतरी गुजरात, राजस्थान आणि उत्तरेकडून आलेली. त्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला वसल्या. वस्ती नगरपालिकेने दिली, कामही तिनेच दिलं आणि दोन्ही पिढीजात करून टाकलं.

गंमत बघा. ज्या शोधाने हे सगळं अनावश्यक ठरणार होतं, तो शोध धुळ्याची पेठ आखायच्या आधीच लागलेला होता. १७७५ मध्ये लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. भांड्याखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वळवायची, म्हणजे वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. त्या चार बोटं पाण्याच्या पलीकडे गटाराचा वायू, अलीकडे आपण. आजच्या कमोडमध्येही साधारण ५० मिलिमीटर पाणी हेच काम करतं. घड्याळजीचं डोकं, दुसरं काय! पण भांडं, नळी आणि खड्डा हे तीन भाग आपल्या पेठांत पोचायला दीडशे-दोनशे वर्षं गेली. पाण्याची टंचाई हे एक कारण खरंच होतं, आजही धुळ्याला पाण्याची वाट बघावी लागते. दुसरं कारण असं की माणूस स्वस्त होता. पाटी उचलायला कुणीतरी जन्मापासूनच ठरलेलं असेल, तर पाईपावर पैसा कोण खर्च करणार?

आता आपल्या जिल्ह्याचा अभिमानाचा भाग. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची, बांबू आणि गावच्याच साहित्यातून केलेली. हे सगळं शाळेत शिकवतात. त्याच अधिवेशनात साने गुरुजींनी मैला वाहण्याचं आणि ग्रामसफाईचं काम केलं, हे मात्र आपण घाईत सांगतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधला एकेकाळचा मास्तर, ब्राह्मण घरातला, सगळ्यांसमोर ते काम करतो याचा त्या काळी काय धक्का बसला असेल, विचार करा.

त्याच्या चार वर्षं आधी आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात हट्ट धरला होता की मला भंगीकाम करू द्या. इंग्रज सरकारने नाही म्हटलं, कारण ते काम ठरलेल्या जातीच्या कैद्यांचं. आप्पांनी अन्न सोडलं आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. गोऱ्या सरकारलाही जात मोडायची नव्हती, हे यात स्पष्ट दिसतं.

पण बाबासाहेबांचा आक्षेप इथे बाजूला ठेवता येत नाही. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हे काम पवित्र, थोर असं म्हणण्यावर कडक टीका केली. मला त्यांचा मुद्दा पटतो. दोन दिवस हौसेने किंवा निष्ठेने मैला उचलणारा तिसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला जातो. ज्याला तिसऱ्या दिवशीही, तिसाव्या वर्षीही आणि त्याच्या नातवालाही तेच करायचंय, त्याला त्या कामाचं मोठेपण सांगणं म्हणजे त्याची थट्टा आहे. साने गुरुजींबद्दलचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण आदराने पाटी हलकी होत नसते.

आप्पांचं मोठेपण मला वाटतं पुढच्या टप्प्यात आहे. ते उपासावर थांबले नाहीत, संडासाच्या रचनेकडे वळले. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी दोन कप्प्यांचा संडास उभा केला. एक कप्पा भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातलं खत होतं. ताजा मैला कुणाला हाताळायचाच नाही. पुढे देहूचे डॉ. मापुस्कर याच वाटेने गेले. संडासाच्या कामात आयुष्य घातलेल्या या डॉक्टरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारी बाजूही सांगतो, थोडक्यात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, तिने सफाई कामगारांच्या हालअपेष्टांचा अहवाल दिला. नंतर केंद्राची मलकानी समिती. मग महाराष्ट्रात लाड आणि पागे समित्या, ज्यांच्यामुळे वारसा हक्काने नोकरी मिळते. या वारसा हक्कावर लोक फटकन मत देतात. एका बाजूने बघाल तर घराला कायमची भाकरी, आणि ज्या समाजाने दुसरं काही मिळूच दिलं नाही त्याच्याकडून निदान एवढी भरपाई. दुसऱ्या बाजूने बघाल तर झाडू बापाकडून लेकाकडे. दोन्ही खरं आहे. कोरड्या संडासांवर बंदीचा कायदा १९९३ चा. तरी २०११ च्या जनगणनेत देशात सात लाख चौऱ्याण्णव हजारांवर संडास असे निघाले की ज्यातला मैला माणूस उचलत होता. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या जेमतेम ५३ टक्के घरांत संडास होता. बाकीच्यांचं काय चालायचं ते गुड मॉर्निंग पथकाला विचारा.

मग २०१३ चा कायदा आला. यातली एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावी. सेफ्टी टँकमध्ये किंवा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि तो फक्त महापालिकेला लागू नाही, तुम्हाआम्हालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीत हायड्रोजन सल्फाईड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास येणं थांबतं. खालच्याला वाटतं हवा बरी झाली. तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. बातम्यांत एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू दिसतात त्याचं कारण हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. टाकी उपसायची तर व्हॅक्यूमची गाडी बोलवा. हजार-पाचशे वाचवायला बादली-दोरीवाला बोलवू नका.

आणि जोडाचं म्हणाल, तर ते काम घरचं घरी होतं. टाकीचा कॉक बंद करा, फ्लश करून पाणी काढा, उरलेलं फडक्याने टिपा. बोल्ट सोडवा. कमोड जड असतं, दोघांनी मिळून सरळ वर उचला. पाईपाच्या तोंडात लगेच जुन्या कापडाचा बोळा घट्ट कोंबा, कारण वळणातलं पाणी गेलं की वायूला अडवायला काही उरत नाही. जुनं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, पाईपाला धक्का नको. कड पुसून कोरडी करा, रबराचा कनेक्टर बसवा, बोळा काढा आणि कमोड सरळ खाली बसवा. बोल्ट आवळताना जोर लावू नका, भांडं तडकतं. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. दोन-तीन तासांचं काम. लेकरांना बघू द्या, शेजाऱ्यांनाही. आणि नसेलच जमत, तर जो येईल त्याला गिझरवाल्याइतकी मजुरी द्या, पाणी विचारा, चहा घरच्याच कपात द्या.

एक विनंती. जळगावच्या जुन्या गावात, धुळ्याच्या गल्ल्यांत, अमळनेर-चोपडा-शिरपूरला पाटीचे संडास नेमके कधी बंद झाले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाली लिहा. मागच्या बोळातलं ते छोटं दार अजून कुणाच्या घराला असेल, तर फोटो टाका.