मुखव्रण, कर्करोगोपचारातील : नैसर्गिक प्रतिबंध
कर्करोगाच्या उपचारांमुळे तोंडाच्या श्लेष्मल अस्तराला सूज येऊन पडणाऱ्या व्रणांना रोखण्यासाठी वापरले जाणारे घरगुती व वनस्पतिजन्य उपाय.

रसायन चिकित्सा व प्रारण चिकित्सा (⟶ कर्करोग) वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही, म्हणून तोंडाच्या अस्तरालाही, इजा करतात. रसायन चिकित्सेनंतर साधारण ५ ते १० दिवसांत, तर डोके व मान यांच्या प्रारण चिकित्सेत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्रण दिसतात. आयुर्वेदात तोंड येण्यास ‘मुखपाक’ म्हणतात (⟶ आयुर्वेद).

सर्वांत भक्कम पुरावा साध्या बर्फाचा आहे. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे रसायन चिकित्सेतील औषध शिरेतून एकदम देताना सुमारे ३० मिनिटे बर्फाचे तुकडे तोंडात धरतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावून अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते. हे औषध रक्तातून लवकर नाहीसे होत असल्याने एवढा अवधी पुरतो. मेल्फलान या औषधाच्या मोठ्या मात्रेतही हा उपाय सुचविला जातो. ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू असताना मात्र थंडी सोसत नाही, म्हणून तो टाळतात.

डोके-मानेच्या प्रारण चिकित्सेत मध (⟶ मध) तोंडात घोळवून गिळण्याची पद्धत २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आली. मधामुळे दात किडू शकतात; रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्यास कच्चा मध वर्ज्य. हळद, ज्येष्ठमध, कोरफड व कॅमोमाइल यांचा पुरावा अपुरा आहे. मीठ व खाण्याच्या सोड्याच्या गुळण्यांनी तोंड स्वच्छ राहते, व्रण टळतातच असे नाही.

व्रण तीव्र झाल्यास अन्न गिळणे अशक्य होते, जंतुसंसर्ग बळावतो व उपचार लांबणीवर पडतात. तंबाखूजन्य मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात हा प्रश्न विशेष जाणवतो (⟶ तंबाखू). कोणताही उपाय कर्करोगाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनेच योजतात.