आठवा बिट कुठे गेला?

फ्रेंच 'कॅफे' शब्दाच्या शेवटी इंग्रजी ई सारखं अक्षर असतं आणि त्यावर एक तिरकी रेघ. ईमेल उघडावा तर त्या एका अक्षराच्या जागी दोन अनोळखी चिन्हं बसलेली. हे असं का होतं, त्याची गोष्ट आज.

सुरुवात १९६३ ची. अमेरिकेत आस्की नावाचं कोष्टक ठरलं. सात बिट, म्हणजे १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्रासाठीच्या काही खुणा यांत त्या संपल्या. पुढे संगणक आठ बिटांचे गठ्ठे वापरू लागले, तेव्हा एक बिट मोकळा राहिला. पण १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पाठवायचे नियम लिहिले, एसएमटीपी, त्यात ठरलं की अक्षर सात बिटांचं आणि आठवा बिट शून्य.

मला यात कुणाचा कावा दिसत नाही. तेव्हाचं नेटवर्क बहुतेक अमेरिकनच होतं. किंमत मात्र इतरांनी मोजली.

कशी ते बघा. १९८७ मध्ये पश्चिम युरोपसाठी लॅटिन-१ हे आठ बिटांचं कोष्टक आलं. त्यात रेघवाल्या ई चा नंबर २३३. आठवा बिट पुसला म्हणजे १२८ वजा झाले. उरले १०५, आणि आस्कीत १०५ म्हणजे छोटा आय! वाटेतला एखादा सर्व्हर नियमाला धरून बिट पुसायचा आणि होसे नावाच्या माणसाच्या शेवटच्या अक्षराचा आय व्हायचा. स्पॅनिशमध्ये एन वर नागमोडी रेघ असते, तिचा नंबर २४१. तिथून १२८ गेले की क्यू. स्पेन आपलं नाव ज्या अक्षराने लिहितं, त्याच्या जागी क्यू! आणि कुठेही एरर नाही. पाठवणाऱ्याला वाटायचं, पोचलं.

मला सगळ्यात आवडते ती रशियन युक्ती. सोव्हिएत संघात सत्तरच्या दशकात कोई-८ कोष्टक बनवलं, त्यात रशियन अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावलीच नाहीत. प्रत्येक अक्षर अशा जागी ठेवलं की आठवा बिट गेला तर त्याच्याशी मिळताजुळता इंग्रजी उच्चार उरावा. फक्त कॅपिटल आणि छोटी अक्षरं उलटी. 'मॉस्क्वा' लिहिलं तर एम छोटा, बाकी सगळी कॅपिटल, पण वाचता येतं! बिट हरवणारच, हे धरूनच केलेलं डिझाइन.

पण बिट शाबूत राहिला तरी समोरच्याने भलतंच कोष्टक लावलं तर? रशियाला गेलेल्या एका टपालाचा फोटो प्रसिद्ध आहे. पाठवणाऱ्याने ईमेलमध्ये बिघडून आलेला पत्ता, रेघा-टिंबांसकट, जसाच्या तसा हाताने उतरवला होता. टपाल खात्यातल्या कुणीतरी एकेक अक्षर ओळखून वर खरा पत्ता लिहिला.

१९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम आणलं. आपण ते अटॅचमेंटसाठी ओळखतो, पण अक्षरांचं कामही तितकंच मोठं. त्यांनी जुन्या सर्व्हरना हात लावला नाही. रेघवालं अक्षर बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे दोन साध्या आस्की खुणा अशा वेषात पाठवायचं, आणि मेलच्या माथ्यावर लिहायचं की हे अमुक कोष्टक आहे. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ आखलं, ज्यात जगातल्या सगळ्या लिप्या मावतात.

मग अजून घोळ का? कारण माथ्यावरची चिठ्ठी हरवते किंवा खोटी असते. यूटीएफ-८ मध्ये रेघवाला ई दोन बाइटचा, १९५ आणि १६९. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने लॅटिन-१ समजून उघडला की दोन वेगळी अक्षरं दिसतात. सुरुवातीची ती चिन्हं हीच.

मराठी अक्षर तर तीन बाइटचं. पहिला बाइट कायम २२४, म्हणून बिघडलेल्या मराठी मेलमध्ये दर तिसरं चिन्ह तेच, डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए. त्याच्यामागे चार पाय फुटलेलं गोल चिन्ह किंवा चक्क जपानी येन. पुढच्या वेळी दिसलं तर मोजून बघा.

आणि @ च्या आधीचा भाग? पत्त्यात तिथे आपली लिपी वापरायची परवानगी देणारा नियम यायला २०१२ उजाडलं.